सरकारशिवाय गाव चालू शकतं का? गोंदियाच्या तलावांतून आणि तेंदूपत्त्यातून समजून घ्या ‘अराजकतावाद’

उन्हाळा तापायला लागला की गोंदिया जिल्ह्यातल्या देवरी, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव भागात तेंदूपत्त्याचा हंगाम सुरू होतो. पहाटे जंगलात जायचं, पानं तोडायची, घरी आणून ७०-७० पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर मोजून द्यायचे. अनेक घरांचा पावसाळ्याआधीचा रोख पैसा यातूनच येतो.

गेल्या दशकभरात या भागातल्या काही ग्रामसभांसमोर हंगामाआधी एक प्रश्न येऊ लागला आहे: पानं वन विभागामार्फत विकायची, की लिलाव गावानंच करायचा?

वरवर पाहता हा व्यवहाराचा प्रश्न आहे. पण दीडशेहून अधिक वर्षं जगभर चाललेला एक वाद त्यात दडलेला आहे. वरून हुकूम देणारं कोणी नसेल, तर माणसं एकत्र येऊन कारभार चालवू शकतात का?

अराजकतावाद म्हणजे गोंधळ?

‘अराजक माजलं’ असं आपण दंगल किंवा बेबंदशाहीबद्दल बोलतो. राजकीय विचारातला अराजकतावाद वेगळा आहे. त्याचा विरोध नियमांना नसून वरून लादलेल्या सत्तेला आहे. लोकांनी स्वेच्छेनं एकत्र यावं, नियम स्वतः ठरवावेत आणि स्वतःच पाळावेत, असं तो सांगतो.

रशियन विचारवंत पीटर क्रोपोटकिन यांनी १९०२ मध्ये परस्पर सहकार्यावर पुस्तक लिहिलं. प्राणी आणि माणसं टिकली ती फक्त स्पर्धेमुळे नव्हे, तर एकमेकांना केलेल्या मदतीमुळेही, अशी त्यांची मांडणी होती.

भारतात महात्मा गांधींनी १९१६ च्या बनारसमधल्या भाषणात स्वतःला अराजकतावादी म्हटलं होतं, पण वेगळ्या प्रकारचा, हेही स्पष्ट केलं होतं. विनोबा भावे यांच्या ग्रामदान चळवळीतही शासनमुक्त समाजाची कल्पना होती.

तलाव कोणाचे?

गोंदिया हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजानं बांधलेले तलाव इथे शतकानुशतकं धानाला पाणी देत आले. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचं सांगितलं जातं. पाळीची डागडुजी, पाण्याच्या पाळ्या, कोणाच्या बांधीत आधी पाणी जाणार, हे सगळं गावातच ठरायचं.

पण हा काळ रंगवून सांगण्यासारखा नाही. तलाव मालगुजाराच्या ताब्यात असायचा. श्रम अनेकांचे, शब्द मात्र त्याचा. याला स्वेच्छेचं सहकार्य म्हणता येणार नाही.

१९५० च्या कायद्यानं मालगुजारी संपली. तेव्हा हा भाग मध्य प्रदेशात होता. तलाव सरकारकडे गेले. मालगुजार गेला, पण त्याची जागा गावानं घेतली नाही, ती खात्यानं घेतली. पुढे अनेक तलावांत गाळ साचला आणि बेशरम माजली. तलाव सरकारचा झाल्यावर गाळ काढणंही सरकारचंच काम ठरलं.

अर्जुनी मोरगाव भागात याला उलट वळण देण्याचा प्रयत्न झाला. ढिवर समाजातले मच्छीमार आणि स्थानिक अभ्यासकांनी काही तलावांतली बेशरम काढली, देशी पाणवनस्पती लावल्या आणि स्थानिक माशांना पुन्हा जागा करून दिली. तलावावर पोट असलेल्या माणसांनीच त्याची जबाबदारी घेतली.

जंगलात काय बदललं?

महाराष्ट्रात तेंदूपत्त्याचा व्यापार १९६९ च्या कायद्यानं सरकारच्या नियंत्रणाखाली आला. २००६ च्या वनहक्क कायद्यानं चित्र बदललं. तेंदूपत्ता आणि बांबू ‘गौण वनोपज’ ठरले. ते गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क जंगलावर जगणाऱ्यांना मिळाला. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावाला जंगलाचं व्यवस्थापनही करता येतं.

गोंदियासाठी हा कायदा विशेष महत्त्वाचा आहे. शेजारच्या गडचिरोलीत अनुसूचित क्षेत्र असल्यामुळे तिथे पेसा कायदाही लागू आहे. गोंदिया जिल्हा त्या यादीत नाही. त्यामुळे इथल्या ग्रामसभांचा मुख्य आधार वनहक्क कायदाच आहे.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तिथे निर्णय बहुमतानं होत नाहीत, सर्वसहमतीनं होतात. एकाचाही विरोध असेल, तर चर्चा पुढे चालू राहते. २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. २०१३ मध्ये गावानं आपली शेतजमीनही ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेच्या नावे केली.

मग सरकार नकोच का?

गोष्ट इतकी सरळ नाही. गावाला स्वतःचा कारभार करण्याची मुभा मिळाली तीही सरकारनं केलेल्या कायद्यातूनच. हक्काचा दावा मंजूर होतो जिल्हा समितीत. व्यापाऱ्यानं पैसे थकवले, तर दाद मागायची कुठे, हा प्रश्न उरतोच. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा तेंदूपत्त्यावर १८ टक्के कर लागला. तो दर कोणत्याही ग्रामसभेनं ठरवलेला नव्हता.

दुसरा धोका गावातच असतो. ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे, ज्याला लिहिता-वाचता येतं, त्याचाच शब्द सभेत चालला, तर नवा मालगुजार तयार होतो. म्हणूनच वनहक्क नियमांनुसार ग्रामसभेला किमान निम्म्या सदस्यांची हजेरी लागते आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला असाव्या लागतात.

नेमकं काय ओळखायचं?

स्वेच्छेच्या सहकार्यात नियम कमी नसतात, उलट काम वाढतं. सभेला बसावं लागतं, वणव्याच्या दिवसांत जंगल राखावं लागतं, पुडे मोजावे लागतात, हिशेब वाचून दाखवावा लागतो. खात्यावर सोपवलं की हे कष्ट वाचतात. पण त्याबरोबर भाव ठरवण्याचा आणि जाब विचारण्याचा अधिकारही हातातून जातो.

त्यामुळे एखाद्या गावात ‘आमचंच सरकार’ अशी पाटी दिसली, तर एवढंच विचारावं: लिलावाचा हिशेब कोणाकडे आहे, आणि पुडे बांधणाऱ्या बाईला तो मागता येतो का? तिला तो मागता येत असेल, तरच त्या पाटीला अर्थ आहे.