धोका लगेच शिकतो, सुरक्षितता शिकत नाही

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याचा आठवडी बाजार होता. सोलापूर जिल्ह्यातून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी तिथे मुले पळवणारे समजून ठार मारले गेले. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून. त्याच रात्री मालेगावात, म्हणजे आपल्या लोकांच्या वस्तीत, भटक्या समाजाच्या एका कुटुंबाला जमावाने घेरले. त्यांच्यासोबत दोन वर्षांचे मूल होते. काही स्थानिकांनी घरात लपवले, पोलिसांनी बाहेर काढले, म्हणून ते वाचले. राईनपाड्याबद्दल बोलताना मालेगाव गाळू नये. आपण तर मुळीच नाही.

तेव्हा सगळा दोष व्हॉट्सअॅपला दिला गेला. कंपनीनेही भारतात एक संदेश एका वेळी फक्त पाच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. त्याने अफवेचा वेग कमी होतो, पण ती खरी का वाटली याचे उत्तर मिळत नाही. त्या दिवसांत देशभर फिरलेला एक व्हिडिओ तर कराचीत पालकांना सावध करण्यासाठी बनवलेली फिल्म होती. मूल परत आणून सोडल्याचा शेवटचा भाग कापला, आणि उरली ती भीती.

चिंता आणि शिकणे यांच्या नात्यावर मानसशास्त्रात बरेच काम झाले आहे. प्रयोग साधा असतो. एक खूण दाखवली की कधी कधी सौम्य विजेचा झटका बसतो, दुसरी दाखवली की कधीच बसत नाही. आपल्याला वाटते की चिंतातुर माणूस धोक्याची खूण इतरांपेक्षा नेमकी ओळखत असेल. तसे दिसत नाही. फरक पडतो तो दुसऱ्या खुणेपाशी. जिथे काहीच होत नाही तिथेही तो इतरांपेक्षा जास्त दचकतो. आणि झटके बंद झाल्यावरही त्याला निवायला वेळ लागतो. म्हणजे भीतीने नजर तीक्ष्ण होत नाही, सरसकट होते. झोळी घेतलेला अनोळखी माणूस आणि जवळ एक लहान मूल, एवढे दिसले की पुरे.

सुझन मिनेका यांची माकडे मला इथे नेहमी आठवतात. प्रयोगशाळेत वाढलेली ही माकडे सापाला भीत नव्हती. दुसऱ्या माकडांना सापापुढे घाबरताना पाहिले आणि तीही भिऊ लागली. चावा कुणालाच नाही!

आता मुंब्र्याचे पाहू. १९९२-९३ च्या मुंबई दंगलीत ९०० माणसे गेली. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालाप्रमाणे त्यात ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू होते. त्यानंतर कित्येक कुटुंबांनी मिळेल त्या भावात घर विकून मुंब्रा गाठले. त्यांची भीती खोटी म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही, आणि त्यानंतरच्या वर्षांनीही ती खोटी पडू दिलेली नाही. पण तिथे जन्मलेली पोरे आता स्वतः आईबाप झाली आहेत. त्यांनी दंगल पाहिली नाही, दंगल पाहिलेल्यांचे चेहरे पाहिले. संध्याकाळी उशीर झाला की अम्मीचा आवाज कसा बदलतो, हे त्यांचे शिक्षण.

टाळण्याचे एक विचित्र गणित असते. टाळले, काही झाले नाही, म्हणजे टाळले म्हणून वाचलो असे मन समजते. गेलो असतो तरी काही झाले नसते, हे कळायला जावे लागते, आणि नेमके तेच आपण करत नाही. पलीकडेही हेच. ज्या सोसायटीत मुसलमानाला फ्लॅट द्यायचा नाही असे ठरले आहे, तिथल्यांना मुसलमान शेजारी कसा असतो हे कधीच कळणार नाही; त्यांची भीती कायम तपासणीबाहेर राहील. मात्र दोन्हींना एका तराजूत घालू नका. त्यांच्या भीतीची किंमत आपण भरतो, घर न मिळून. आणि आपल्या भीतीचीही आपणच भरतो.

म्हणून ‘घाबरू नका’ अशी भाषणे मला पटत नाहीत. भीतीला पत्ता विचारावा असे मात्र वाटते. कोणत्या गाडीत, कोणत्या रस्त्यावर, कोणत्या दिवशी? मिरवणुकीच्या दिवशी एखादा रस्ता टाळणे हे शहाणपण आहे. ‘ते लोक’ टाळणे म्हणजे त्या पहिल्या आणि दुसऱ्या खुणेतला फरकच पुसून टाकणे. सूरह हुजुरातमध्ये आलेल्या बातमीची खातरजमा करायला सांगितले आहे, नकळत कुणाला इजा होऊ नये म्हणून. आपण ही आयत टीव्हीवाल्यांना ऐकवतो. मोहल्ल्याच्या ग्रुपवर येणाऱ्या आवाजी संदेशांना कधी लावली?

दहावीचा निकाल लागला की कितीतरी घरांत तोच वाद होतो. मुलीला गुण चांगले, तिला ठाण्याचे कॉलेज हवे, आणि घरचे म्हणतात इथेच घे, जमाना खराब आहे. त्या वेळी एक करून पाहा. ठाण्याला रोज जाणाऱ्या चार मुली गल्लीतच सापडतील. त्यांना घरी बोलवा, चहा द्या, आणि गेल्या वर्षात काय काय झाले ते विचारा. त्रास झाला असेल तर त्या सांगतील, कुठे झाला तेही सांगतील. बाकीच्या दिवसांबद्दलही विचारा, कारण ते दिवस कुणी फॉरवर्ड करत नाही.