आंबवलेल्या चहाचे स्तोम

अलीकडे ‘कोंबुचा’ नावाच्या आंबट, फेसाळ पेयाचे मोठे स्तोम माजले आहे. ते हजारो वर्षांचे चिनी अमृत आहे, ते सर्व व्याधी हरण करते, आणि ‘सात्त्विक’ असल्यामुळे उपवासालाही चालते, असे त्याचे भाट सांगत फिरतात. या तिन्ही विधानांना आमची हरकत आहे. आंबवलेल्या चहाशी आमचे वैर नाही. त्याच्या नावावर चाललेल्या असत्याशी आहे.

सूक्ष्मजीवांनी आंबवलेल्या चहाची परंपरा खरी आहे आणि आदरास पात्रही आहे. चीनच्या युन्नान प्रांतात ‘पुअर’ चहाची पाने ओलसर ढिगांत रचून बुरशीच्या साहाय्याने मुरवितात. जपानच्या कोची प्रांतातील ‘गोइशिचा’ आधी बुरशीने व मग दुग्धाम्ल निर्माण करणाऱ्या जंतूंनी सिद्ध होतो. ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारात, ‘लापेट’ नावाची आंबवलेली पाने चक्क खातात. कोंबुचाची रीत याहून निराळी. त्यात साखर घातलेल्या चहात यीस्ट व जंतू एकत्र नांदतात. यीस्ट साखरेचे मद्यार्क करते आणि जंतू त्या मद्यार्काचे शिरक्यातले आम्ल करतात. वर तरंगणारी जाड साय हा त्या जंतूंनीच विणलेला सेल्युलोजचा पडदा होय. हे आम्ल प्रयोगशाळेत अनेक रोगजंतूंची वाढ रोखते. चहातील पॉलिफेनॉल द्रव्येही पेयात उतरतात. एवढे सत्य पुरेसे मनोरम असता त्यावर खोटा मुलामा कशाला?

इ. स. ४१४ मध्ये कोंबु नावाच्या कोरियन वैद्याने हे पेय जपानच्या सम्राटास दिले, ही कथा सर्वत्र छापली जाते. तिला विश्वसनीय आधार नाही. मूळ जपानी भाषेत ‘कोंबुचा’ म्हणजे समुद्रशैवालाचे पेय. या पेयाशी त्याचा संबंधच नाही!

व्याधिहरणाचे म्हणावे तर २०१९ मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेणाऱ्यांना माणसांवर केलेला अवघा एक अभ्यास आढळला. २०२३ मध्ये अमेरिकेत मधुमेहाच्या केवळ १२ रुग्णांवर झालेल्या प्रयोगात उपाशीपोटीची रक्तशर्करा उतरलेली दिसली. ही आशा आहे, सिद्धता नव्हे. तेवढ्यावर विसंबून जो रुग्ण औषध सोडील, त्याच्या हानीचे उत्तर कोण देणार? १९९५ मध्ये आयोवा राज्यात घरी केलेले हे पेय नित्य घेणाऱ्या दोन स्त्रियांच्या रक्तातील आम्लता भयंकर वाढली. त्यांपैकी एक दगावली. पेयच कारण होते असे निश्चित सिद्ध झाले नाही; पण सावध होण्यास एवढे पुरे.

आता उपवासाचा प्रश्न. जेथे यीस्ट आहे तेथे मद्यार्क आहे, मग तो थोडा का असेना. बाटलीत भरल्यावरही किण्वन चालू राहिले तर तो वाढतो. याच कारणाने २०१० मध्ये अमेरिकेतील अनेक दुकानांतून हे पेय काढून घ्यावे लागले. आपल्या देशातही २०१८ च्या नियमांप्रमाणे अर्ध्या टक्क्याहून अधिक मद्यार्क असलेले पेय मद्यच ठरते. व्रत कसे पाळावे हे ज्याने त्याने आपल्या कुलाचाराप्रमाणे ठरवावे. पण पेल्यात काय आहे हे त्याला आधी कळले पाहिजे. अज्ञानात ठेवून व्रतस्थाला ‘सात्त्विक’ शब्दाची भुरळ घालणे ही आमच्या मते शुद्ध वंचना होय.

आमच्या वैद्यांचा दाखला या बाबतीत बोलका आहे. द्राक्षासव, दशमूलारिष्ट हीही आंबवूनच होतात. धायटीची फुले त्यासाठीच घालतात. परंतु वैद्याने त्यांना कधी सरबत म्हटले नाही. आसव हे नावच सारे सांगते, आणि मात्रा चमच्यांत मोजली जाते.

तेव्हा विक्रेत्यांकडे आमची मागणी साधी आहे : मद्यार्काचे प्रमाण ठळक छापा, रोगमुक्तीची ग्वाही थांबवा, धर्माचे नाव विक्रीस जुंपू नका. आणि वाचकहो, ज्याला ही आंबट चव रुचते त्याने ती खुशाल चाखावी. अमृत मात्र समजू नये.