एकास एकचा मोह

हॅम मंडळींत एक समजूत पक्की रुजली आहे : मीटरवर एसडब्ल्यूआर ‘एकास एक’ आला की अँटेना जमली. परतणारी शक्ती शून्य, म्हणजे अँटेनाने सगळी घेतली; आणखी काय हवे? 7 मेगाहर्ट्झवर 20 मीटरचा डायपोल बांधणाऱ्याचे या तर्कावर भागतेही. 160 मीटरच्या बँडवर मात्र हाच तर्क घात करतो.

अँटेनाने शक्ती घेतली म्हणजे ती आकाशात सोडली, असे नव्हे. डमी लोडचा एसडब्ल्यूआरही एकास एकच असतो आणि तो नुसता तापतो.

जालना जिल्ह्यातल्या धावड्याचे शिवार डोळ्यांपुढे आणा. वर माती, खाली दख्खनचा काळा पाषाण. 1.84 मेगाहर्ट्झवर अर्धतरंग डायपोलला सुमारे 78 मीटर तार लागते आणि ती उंचावर ताणावी लागते. ते जमत नाही म्हणून समजा, 10 मीटरच्या बांबूवर उभी तार चढवली, बुडाशी कॉइल घालून ती अनुनादात आणली आणि अर्थिंगला एक सळई ठोकली. या तारेचा प्रारण-रोध जेमतेम दीड ओहम. उन्हाळ्यात वाळलेली जमीन आणि कॉइल मिळून साडेअठ्ठेचाळीस ओहम भरले, तर बेरीज बरोबर 50. मीटर एकास एक दाखवील. पण 100 वॅटपैकी आकाशात जातील 3. बाकीचे 97 माती आणि कॉइल तापवतील.

आता जमिनीवर चहूकडे रेडियल तारा पसरा. समजा, नुकसानीचा रोध 20 ओहमवर आला. एसडब्ल्यूआर 2.3 होईल. समजुतीप्रमाणे अँटेना बिघडली. प्रत्यक्षात पुढे जाणाऱ्या त्याच 100 वॅटमधून जवळजवळ 6 वॅट प्रसारित होतील, म्हणजे दुप्पट. चढ्या एसडब्ल्यूआरला ट्रान्समीटर शक्ती कमी करतो, हा आक्षेप खरा आहे. त्यावर उपाय बुडाशी जुळणीचा ट्रान्सफॉर्मर बसवण्याचा. रेडियल काढण्याचा नव्हे.

‘पण मीटर तर खोटे बोलत नाही,’ असे म्हणणाऱ्यांनी मीटरही तपासावा. स्ट्रिपलाइनच्या साध्या मीटरमध्ये फ्रीक्वेन्सी उतरली की जोडणीतून मिळणारा व्होल्टेज त्याच प्रमाणात घटतो. परतणारी शक्ती थोडी असेल तर डायोड जागाच होत नाही, आणि ती शून्य भासते. नावाजलेल्या बर्ड 43 मीटरचेही नेहमीचे एचएफ स्लग 2 ते 30 मेगाहर्ट्झसाठीचे, 1.84 त्याबाहेर. शिवाय त्याची अचूकता पूर्ण स्केलच्या 5 टक्के. 1000 वॅटच्या स्लगवर 100 वॅट वाचले, तर 50 वॅटची चूक संभवते.

मग मोजायचे कसे? आधी 50 ओहमच्या डमी लोडवर ऑसिलोस्कोप लावावा. शिखरापासून दरीपर्यंत 200 व्होल्ट म्हणजे 100 वॅट. त्यावरून मीटर पारखावा. मग तारेच्या बुडाशी आरएफ अँमीटर जोडावा. प्रवाहाचा वर्ग गुणिले प्रारण-रोध, हीच प्रसारित शक्ती. वरच्या उदाहरणात रेडियल टाकल्यावर प्रवाह 1.4 वरून 2 अँपिअरवर जातो. एसडब्ल्यूआर जी सुधारणा बिघाड म्हणून दाखवतो, ती अँमीटर सुधारणा म्हणूनच दाखवतो.

एसडब्ल्यूआर जुळणी सांगतो. ते त्याचे काम आणि तेवढेच. म्हणून लो बँडवाल्यांनी लॉगबुकात एक रकाना वाढवावा : बुडाशी प्रवाह किती. तो मे महिन्यात भरावा आणि जमीन भिजल्यावर पुन्हा भरावा. मातीत किती जाते, याचा हिशेब त्या रकान्यात सापडेल.