दिलेले तेवढेच

कृष्णाकाठच्या एका गावात किराणा दुकानाच्या माडीवर एक मुलगी रोज पहाटे साडेचारला अभ्यासाला बसते. बी.कॉम. होऊन तिला पाच वर्षे झाली. वयाची 26 वर्षे पूर्ण झाली. बँकेच्या लिपिक पदासाठी सर्वसाधारण गटाची वयोमर्यादा 20 ते 28 अशी आहे. म्हणजे हाताशी फार तर दोन संधी. यापूर्वी दोनदा ती पूर्वपरीक्षेतच अडली आणि दोन्ही वेळा गणिताने वा इंग्रजीने नव्हे, तर तर्कक्षमतेच्या विभागाने तिला अडवले. घरात उघडपणे कोणी काही बोलत नाही. मात्र आत्या मुक्कामाला आली की स्थळांचा विषय निघतो आणि आई सायंकाळची पाने वाढता वाढता म्हणते, "एवढी एक परीक्षा होऊ द्या." त्या 'एवढी एक' या शब्दांत काय काय अडकून पडले आहे, हे त्या घरात सर्वांना ठाऊक आहे.

कष्टात ती उणी पडत नव्हती. रोज दीडशे प्रश्न सोडवायचे, हा तिचा नेम. सहा महिन्यांत कितीतरी वह्या भरल्या. घरच्यांच्या दृष्टीने वह्यांची चळत हीच प्रगतीची खूण होती. गुण मात्र जेथल्या तेथे. सराव चाचणीत कधी 18, कधी 19, क्वचित 20. लिपिक परीक्षेची तयारी करणाऱ्या असंख्य मुलांची नेमकी हीच तक्रार असते: सराव भरपूर होतो, पण आकडा हलत नाही.

परीक्षेचा साचा पाहिला म्हणजे या आकड्याचे मोल कळते. आयबीपीएसच्या लिपिक पूर्वपरीक्षेत एका तासात 100 प्रश्न असतात: इंग्रजीचे 30, अंकगणिताचे 35 आणि तर्कक्षमतेचे 35. प्रत्येक विभागाला 20 मिनिटे बांधून दिलेली. एका विभागात वाचलेला वेळ दुसरीकडे वापरता येत नाही. प्रत्येक विभागाची किमान गुणमर्यादा वेगळी ओलांडावी लागते. त्यामुळे गणितात कितीही गुण मिळाले तरी तर्काची तूट त्यातून भरून निघत नाही. 35 प्रश्नांना 1,200 सेकंद, म्हणजे एका प्रश्नाच्या वाट्याला साधारण 34 सेकंद येतात. पूर्वपरीक्षेचे गुण अंतिम यादीत धरले जात नाहीत. ते मुख्य परीक्षेचे दार उघडण्यापुरते. आणि लिपिक पदाला मुलाखत नाही. बोलण्या-चालण्याने छाप पाडून उणीव भरून काढण्याची सोय येथे नाही.

एका संध्याकाळी दुकान बंद करून वडील माडीवर आले. आत्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी वाल सोलत बसली होती. मुलीने सहज एक प्रश्न मोठ्याने वाचला: 'प हे म-चे अपत्य आहे. म हा त-चा भाऊ आहे. तर त हे प-चे कोण?'

"काका. दुसरं कोण?" वडील म्हणाले.

मुलीनेही तेच उत्तर लिहिले होते आणि ते चुकले होते. तिने प्रश्न पुन्हा वाचला आणि थबकली. "अण्णा, भाऊ म आहे. त कोण, हे कुठं सांगितलंय? त बाई असली तर?"

उंबऱ्याशी बसलेली आत्या हसू लागली. "म्हणजे मला विसरलातच की, दादा!"

त पुरुष असेल तर काका, स्त्री असेल तर आत्या. दिलेल्या माहितीवरून निश्चित सांगता येत नाही, हेच बरोबर उत्तर. गंमत अशी की, इंग्रजीत एकाच शब्दाने भागणाऱ्या नात्यांना मराठीत काका, मामा, मावसा असे निरनिराळे शब्द आहेत, म्हणून या प्रश्नांत मराठी मुलांनी खरे तर सरस ठरावे. पण ही समृद्धीच घात करते. 'भाऊ' हा शब्द कानी पडताच डोळ्यांसमोर दोन पुरुष उभे राहतात. प्रश्नाने एकच दिलेला असतो. दुसरा मनाने आणलेला असतो.

त्या रात्री वडिलांनी दुकानातली एक कोरी कीर्द वर आणून दिली. सोडवलेल्या प्रश्नांची मोजणी सोडून फक्त चुकलेल्यांची नोंद त्यात करायची, असे ठरले. डाव्या बाजूला 'प्रश्नात दिलेले', उजव्या बाजूला 'मी धरलेले'. रोजचे दीडशे प्रश्न चाळीसवर आले. आईला हे पसंत पडले नाही; अभ्यास कमी झाला असेच तिला वाटले. परंतु तीन आठवड्यांनी ती कीर्द चाळली तेव्हा निम्म्याहून अधिक नोंदींत एकच दोष सापडला. रीत येत नव्हती असे नाही, वेळही पुरत होता. उजव्या रकान्यात डावीकडे नसलेले काहीतरी जमा झालेले होते.

विधान-निष्कर्षाच्या प्रश्नांत हा दोष सर्वांत जास्त आढळतो. समजा, दोन विधाने दिली: 'काही शिक्षक कवी आहेत. सर्व कवी वाचक आहेत.' यावरून 'काही शिक्षक वाचक आहेत' हे निश्चित निघते, कारण जे शिक्षक कवी आहेत ते वाचक असणारच. 'काही शिक्षक वाचक नाहीत' हे निघत नाही. व्यवहारात 'काही' म्हटले की 'सगळे नाहीत' असे आपण न सांगता समजून घेतो. लग्नाला काही पाहुणे आले म्हटले म्हणजे बाकीचे आले नाहीत. तर्कशास्त्रातील 'काही' मात्र 'निदान एक' एवढेच सांगतो. उरलेल्यांविषयी तो मौन पाळतो. म्हणूनच 'सर्व शिक्षक वाचक असण्याची शक्यता आहे' हा निष्कर्ष बरोबर ठरतो, कारण ती शक्यता कोणी नाकारलेली नाही. आणि 'सर्व शिक्षक वाचक आहेत' व 'काही शिक्षक वाचक नाहीत' ही जोडी पर्यायांत आली, तर दोहोंपैकी एकही स्वतंत्रपणे सिद्ध होत नाही. पण दोन्ही एकाच वेळी खोटीही असू शकत नाहीत, म्हणून 'एक किंवा दुसरे' हे उत्तर. अलीकडे 'फक्त काही' असा प्रयोगही येतो. तेथे अर्थ पालटतो: काही आहेत आणि काही नाहीत, ही दोन्ही विधाने त्या दोन शब्दांत दिलेली असतात. या प्रश्नांच्या सूचनेत बहुधा असेही म्हटलेले असते की, विधाने सर्वज्ञात वस्तुस्थितीशी विसंगत वाटली तरी ती सत्य मानावीत. ही ओळ फार थोडे उमेदवार मनावर घेतात.

2021 मध्ये झालेल्या निर्णयानुसार ही परीक्षा इंग्रजी-हिंदीबरोबर मराठीसह 13 प्रादेशिक भाषांतून देण्याची सोय झाली. ग्रामीण मुलांना तिचा मोठा आधार वाटतो आणि ते योग्यच आहे. तरीही अनुवादित वाक्य संदिग्ध वाटले तर तोच प्रश्न इंग्रजीत पाहून घ्यावा. तर्काच्या प्रश्नात 'काही' आणि 'फक्त काही' यांत एका गुणाचे अंतर असते.

बैठकव्यवस्थेची कोडी हा दुसरा मोठा अडसर. येथे दोष धरण्यात नसून सुरुवातीत असतो. एक लहानसे उदाहरण पाहता येईल. पाच जण एका ओळीत उत्तरेकडे तोंड करून बसले आहेत. ड टोकाला नाही. ब हा अ-च्या शेजारी नाही. क हा ब-च्या लगेच उजवीकडे आहे. अ मध्यभागी आहे. बहुतेक विद्यार्थी पहिले वाक्य वाचताच ड-साठी जागा शोधू लागतात; तीन शक्यता मांडतात आणि त्यांत गुरफटतात. वास्तविक पक्की जागा फक्त शेवटच्या वाक्यात आहे: अ तिसऱ्या स्थानी. ब त्याच्या शेजारी नाही, म्हणजे तो पहिला किंवा पाचवा. त्याच्या लगेच उजवीकडे क असायचा, म्हणून ब पहिला आणि क दुसरा. ड टोकाला नाही, म्हणून चौथा. उरलेला इ पाचवा. नकार सांगणारी वाक्ये शेवटी उपयोगी पडतात, आरंभी नव्हे. वर्तुळात केंद्राकडे तोंड करून बसलेल्यांच्या बाबतीत डावी बाजू घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जाते, हे एकदा स्वतः ताटे-वाट्या मांडून पाहिले म्हणजे पुन्हा पाठ करावे लागत नाही.

बाजारात जाडजूड पुस्तके आणि 'पाच सेकंदांत उत्तर' असे ठोकताळे विपुल मिळतात. त्यांतले काही खरेही असतात. पण ठोकताळा कोठे लागू पडत नाही हे ज्याला कळत नाही, त्याला तो बुडवतो.

आता प्रश्न सोडून देण्याविषयी. चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा होतो. एकाने सर्व 35 प्रश्न सोडवले, त्यांतील 22 बरोबर आणि 13 चूक आले, तर हाती 18.75 पडतात. दुसऱ्याने 26 सोडवले, 24 बरोबर आणि 2 चूक आले, तर 23.5. पाच पर्यायांतून डोळे मिटून उत्तर निवडले तर सरासरीने लाभही नाही आणि तोटाही नाही. खर्ची पडतो तो वेळ. पाचांपैकी निदान एक पर्याय खात्रीने बाद करता आला, तरच अंदाज पदरात काही टाकतो. आपल्या या मुलीला सोडून देणेच सर्वांत जड गेले. सहा मिनिटे एका कोड्यावर घालवल्यावर ते टाकून पुढे जाणे म्हणजे तिला पराभव वाटे. तिच्या कीर्दीत 'न सोडता घालवलेली मिनिटे' हा तिसरा रकाना आला, तेव्हा कोठे हा तोटा तिच्या नजरेत भरला.

कोणी विचारते, बँकेच्या खिडकीशी बसणाऱ्याला हे अ-ब-क कशाला हवे? ज्यांनी खिडकीच्या आतली बाजू पाहिली आहे, त्यांना हा प्रश्न पडत नाही. संयुक्त खात्यावर 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' अशी सूचना असेल तर दोघांपैकी कोणीही व्यवहार करू शकतो. 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' असेल तर पहिला खातेदार हयात असेपर्यंत केवळ त्यालाच तो अधिकार. दुसऱ्याचा अधिकार त्याच्या पश्चात सुरू होतो. समोर उभा असलेला मुलगा ओळखीचा आहे, वडील आजारी आहेत, खात्यावर दोघांची नावे आहेत. मन म्हणते, देऊन टाकावे. कागदावर मात्र 'फॉर्मर' लिहिलेले असते. तेथे चार सेकंदांची घाई झाली तर एखाद्या वृद्धाची आयुष्यभराची शिल्लक त्याच्या नकळत जाऊ शकते. संगणक येण्यापूर्वी खतावण्या हातांनी जुळवत असत, तेव्हा फरक आला की जुने लिपिक प्रथम त्याला 9 ने भागून पाहत. भाग गेला तर शेजारचे दोन अंक उलटे लिहिले गेल्याचा संशय घ्यायचा. फरकाचा निम्मा आकडा खतावणीत आढळला तर नावेची रक्कम जमेला गेली असण्याचा संशय घ्यायचा. ही तर्कक्षमता कोणत्याही पुस्तकात छापलेली नव्हती; ती रात्री आठ वाजता, शेवटची एस.टी. चुकत असताना शिकली जाई.

मागच्या आठवड्यापासून मुलीचे सराव चाचणीतले गुण 23 ते 25 च्या दरम्यान येत आहेत. ते पुरतील की नाही, हे आताच सांगता येणार नाही. किमान मर्यादा दरवर्षी बदलते. आत्या परत गेली आहे. स्थळाचा निरोप आला होता, तो वडिलांनी दिवाळीनंतरवर ढकलला.

शनिवारी रात्री दुकानाचा हिशेब जुळेना. गल्ल्यातली रोकड कीर्दीपेक्षा 270 रुपयांनी जास्त भरली. वडील दोनदा मोजून थकले. मुलीने कागद ओढला.

"अण्णा, 9 ने भाग जातोय. आकडे उलटे पडले असतील."

"असतील की आहेत?"

"असू शकतात. आहेतच असं नाही. आधी बिलं बघू."

सत्तेचाळिसाव्या पावतीवर 630 होते. वहीत 360.