नवा संगणक घेण्याआधी

जमातीची, बैतुलमालची, निकाहाची नोंदवही आता बऱ्याच ठिकाणी संगणकावर आली आहे. नाव टाकल्यावर माहिती यायला वेळ लागू लागला, की बैठकीत एकच सूर निघतो: यंत्र जुने झाले, नवे घ्या. पैसा लोकांचा, अमानतीचा. म्हणून आधी थोडे समजून घेऊ.

यंत्र खरोखर जुने असूही शकते. पण पुष्कळदा दोष शोधण्याच्या रीतीत असतो. घरातली उर्दू लुगत घ्या. 'किताब' पाहायचा तर काफ उघडले की झाले. पण शेवटी 'आब' येणारे सगळे शब्द हवे असतील, तर पहिल्या पानापासून चाळत बसावे लागेल, चाळणारा कितीही चपळ असो. इब्न मंझूर यांचा 'लिसान अल-अरब' हा अरबी कोश मात्र मूळ धातूच्या शेवटच्या अक्षरावरून लावलेला आहे. तिथे 'किताब' बे या अक्षरात सापडतो.

डेटाबेसमधला इंडेक्स म्हणजे अशीच लावून ठेवलेली यादी. नावाच्या सुरुवातीपासून शोधले तर ती कामी येते. 'नावात कुठेही खान' असे विचारले, की साधा इंडेक्स असून नसल्यासारखा.

मग प्रत्येक रकान्याला इंडेक्स करून टाकू, असे काहींना वाटते. पण नवी नोंद आली की ती या प्रत्येक यादीतही भरावी लागते, आणि भरण्याचे काम रेंगाळते. शिवाय आपल्याकडे आडनाव 'शेख' विचारले तर अर्धी वस्ती हजर! इतक्या नोंदी काढायच्या असतील तर डेटाबेस यादी बाजूला ठेवून सरळ सगळे चाळतो, आणि ते बरोबरच असते. त्यापेक्षा स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि जन्मसाल यांचा मिळून एक इंडेक्स उपयोगी पडेल.

सर्वांत घातक सल्ला म्हणजे 'जुन्या नोंदी उडवा, वेग येईल'. योग्य इंडेक्स असेल तर 1 लाखाच्या 1 कोटी नोंदी झाल्या तरी एक नाव शोधण्यात एकदोन पायऱ्याच वाढतात. उडवलेल्या नोंदीत मात्र कुणाच्या आजीचा निकाह असतो. वारसाहक्काचा प्रश्न उभा राहिला की नातवंडे तीच नोंद शोधत येतात.

मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेएसक्यूएल या दोन्हींत 'एक्सप्लेन' नावाची आज्ञा आहे. ती दिली की डेटाबेस इंडेक्स वापरणार की सगळे चाळणार, हे समोर येते. वेगळा पैसा लागत नाही. नव्या यंत्राचे कोटेशन मागवण्याआधी प्रोग्रामरला तो कागद बैठकीत ठेवायला सांगा.