कीबोर्ड माळ्यावर गेला, ईमान वाचलं का?

दिवाळीनंतर आम्ही नववीच्या मुलांना दाभोसा धबधबा दाखवायला नेलं होतं. परतताना एका पाड्यावर तारपा वाजत होता. दुधी भोपळा, बांबू आणि ताडाचं पान, एवढ्यावर हे वाद्य उभं राहतं. वाजवणारा श्वास तुटू देत नाही आणि फेर धरलेली माणसं त्याच्या सुरावर पाय बदलतात. आमच्या वर्गातल्या एका मुलाने पिशवीतून छोटा कीबोर्ड काढला. आधी चुकला, मग त्याला सूर सापडला. तारपेकरी बाबांनी त्याच्यासाठी आणखी एक फेर वाजवला.

कुणीतरी काढलेला व्हिडिओ मोहल्ल्यात पोहोचला. एका बुजुर्गांनी मुलाच्या अब्बांना गाठून सांगितलं, "गाणं-बजावणं आपल्यात नाही." कीबोर्ड माळ्यावर गेला. मुलगा आता वर्गात गप्प बसतो.

"आपल्यात नाही" हे कुणी ठरवलं? संगीताबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत, हे मान्य. पण मतभेद आहेत, म्हणजे एकमत नाही! इमाम गज़ालींनी 'इह्या'मध्ये समावर अख्खं प्रकरण लिहिलं आणि अटी घालून तो जायज़ ठरवला. इब्न हज़्म यांनी मनाईच्या हदीसांना कमकुवत म्हटलं. ईदच्या दिवशी हज़रत आयेशांच्या घरी मुली दफ वाजवून गात होत्या. हज़रत अबू बक्र यांनी हटकलं, तेव्हा पैगंबरांनी त्या मुलींना गाऊ द्यायला सांगितलं. ही हदीस बुखारीत आहे. ज्याला संगीत टाळायचं त्याने खुशाल टाळावं, त्याच्या परहेज़गारीचा मला आदर आहे. पण स्वतःचा तक़वा दुसऱ्याच्या लेकरावर लादू नये.

"संगीत आलं की दारू आली," असंही ऐकलं. शिकागोचा अहमद जमाल पहा. जॅझ पियानोवादक, तरुणपणीच इस्लाम स्वीकारलेला. जानेवारी १९५८मध्ये, वयाच्या २७व्या वर्षी, पर्शिंग हॉटेलात इस्राएल क्रॉस्बी आणि व्हर्नेल फोर्निए या साथीदारांसोबत लोकांसमोर वाजवताना त्याचं रेकॉर्डिंग झालं. ती तबकडी शंभराहून अधिक आठवडे अमेरिकेच्या विक्रीच्या यादीत राहिली. त्या पैशातून त्याने 'अलहम्ब्रा' नावाचा क्लब काढला. जॅझचा क्लब, आणि तिथे दारू मिळत नव्हती! वाद्याने त्याला बिघडवलं नाही. उलट त्याच्या ईमानाने क्लबचा रिवाज बदलला.

आता दुसरी बाजू. शिक्षकांच्या खोलीत मला हसत विचारलं जातं, "तुमच्यात संगीत चालतं का हो?" साहेब, तुमच्या गाण्याच्या क्लासातला तंबोरा बहुधा मिरजेचा असेल. तिथे मुस्लिम कारागीर पिढ्यान्‌पिढ्या तो घडवतात. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेतच राहिले आणि मीरासाहेब दर्ग्याच्या आवारातच दफन आहेत. बुजुर्गांचं "आपल्यात नाही" आणि तुमचं "तुमच्यात चालतं का", दोन्ही वाक्यं एकाच अज्ञानातून येतात आणि दोन्ही त्याच मुलाला एकटं पाडतात.

तारपेकरी बाबांनी त्याचा मज़हब विचारला नाही. मुलगा चुकला तेव्हा ते थांबले, एवढंच. मी वीसेक वर्षं शिकवतोय, बी.एड.च्या पुस्तकांत मला याहून मोठा धडा सापडला नाही.

भाईजान, मुलाची नमाज़ चुकली तर त्याला जरूर टोका. पण कीबोर्ड माळ्यावरून खाली काढा.