कालवा मागण्यापूर्वी

दिवाळीला पश्चिमेकडचे पाहुणे आले, की भातकुलीच्या ओट्यावर फराळाबरोबर एक वाक्य हमखास येते : “तुमच्याकडे कालवा असता, तर सोने पिकले असते!” सगळे माना डोलवितात. मला मात्र हे सोने कसाला लावून पाहावेसे वाटते.

कालव्याची किमया मी नाकारीत नाही. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर नीरेचा डावा कालवा निघाला. १८८५ साली त्यात पाणी खेळले. हेतू होता दुष्काळात पिके वाचविण्याचा. पण पाण्यामागे ऊस आला, उसामागे गुऱ्हाळ, गुळामागे व्यापारी. सासवडच्या माळ्यांनी बिऱ्हाडे हलविली. पुढे त्यांच्याच साखर कारखान्याभोवती माळीनगर वसले. प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. बेलापूर रोड स्टेशनाभोवती श्रीरामपूरची पेठ उभी राहिली आणि १९५० साली लोणीला सहकारी कारखाना निघाला.

पाहुणे येथेच थांबतात. त्याच नीरेकाठी, जेथे पाणी मुरले पण निचरा झाला नाही, तेथे जमिनी चिबडल्या आणि वर मीठ फुटले. पुण्याच्या शेतकी कॉलेजातील डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी १९१० च्या सुमारास या खारवट जमिनींवर लिहून ठेवले आहे.

चांगल्या जमिनीची ही गत, मग आमची काय? आमचा हा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाण पट्टा. मीठ जमिनीच्या पोटात आधीच बसलेले. येथल्या खाऱ्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. तेच पाणी शेताला देत राहिले, तर काळी माती दगडासारखी आवळते. अशा मातीत पाट सोडून ऊस लावणे म्हणजे खालच्या मिठाला मुळाशी बोलावणे होय.

“मग कोरडेच मरायचे काय?” मुळीच नाही! पाण्यावर आमचाही हक्क आहे. पण मागणी नीट करा. पहिले पाणी घागरीला. दुसरे, पावसाने दडी मारली तर कपाशी-तुरीच्या एक-दोन ओलितांना. आणि पाट शेतात येण्याआधी, शेतातले पाणी बाहेर नेणारा चर. तोवर पावसाचे गोडे पाणी शेततळ्यात अडवा.

कालव्याला कोनशिला असते, हार असतात, भाषणे असतात. चराला यांतले काहीच नसते. म्हणून तो आपणच मागावा लागतो. यंदा कोणी कालव्याचे आश्वासन घेऊन ओट्यावर आला, तर त्याला चिवडा-लाडू जरूर द्या आणि एवढेच विचारा : “भाऊ, चर कुठून काढता?”